फोटोच्या पाठीवरचे नाव

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही शनिशिंगणापूरला एका निवृत्त गुरुजींच्या घरी मुक्कामाला होतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातले हे गाव घरांना दारे नसल्याबद्दल सर्वांना माहीत आहे. गुरुजींच्या घरालाही चौकट आहे, पण दार नाही. दिवसा पडदा आणि रात्री कुत्री-मांजरे आत येऊ नयेत म्हणून एक फळी, एवढाच बंदोबस्त.

गुरुजींनी आसपासच्या गावांतल्या शाळांत तीसेक वर्षे शिकवले. फोटोची त्यांना जुनी हौस. वर्गाचे, सहलींचे, स्नेहसंमेलनांचे, शेवटच्या दिवशी निरोप घेणाऱ्या सातवीच्या मुलांचे असे अकरा हजारांच्या आसपास फोटो त्यांच्या संगणकावर आहेत. यातले जुने कागदी फोटो त्यांनी स्कॅन करून घेतले होते. मग रोज संध्याकाळी तासभर बसून प्रत्येक वर्गाच्या फोटोखाली मुलांची नावे लिहिली होती. हे काम चार वर्षे चालले. त्यासाठी त्यांनी एक फुकट मिळणारे सॉफ्टवेअर वापरले होते.

पुढे तो संगणक बिघडला. भाच्याने फोटो काढून नव्या संगणकावर घातले आणि जुना भंगारात दिला. अकराच्या अकरा हजार फोटो व्यवस्थित आले. नावे मात्र एकही आले नाही. नावे फोटोत नव्हतीच. ती त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या एका फाइलमध्ये होती, आणि ती फाइल कुठे असते हे भाच्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

"आमच्या गावात घराला दार नाही," गुरुजी म्हणाले, "आणि मीच लिहिलेली नावं तेवढी आत कोंडून गेली. आता सांगा, या वेळी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?"

आम्ही सवयीने एक नाव सांगून टाकले. रात्री विचार करताना वाटले, उत्तर फार घाईने दिले. सॉफ्टवेअरचे नाव आज एक असते, दहा वर्षांनी दुसरे. गुरुजींना नाव नको होते. निवडायचे कसे, हे हवे होते. ते नीट सांगण्याचा हा प्रयत्न.

फोटोच्या फाइलमध्ये असते काय?

निवड करण्यापूर्वी आपण ज्या वस्तूसाठी सॉफ्टवेअर घेतो आहोत ती वस्तू पाहू.

संगणकाच्या दृष्टीने फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. साध्या १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो घ्या. त्यात आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके असतात, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येकाला एक बाइट जागा. म्हणजे हिशोबाने फाइल ३ कोटी ६० लाख बाइटची, सुमारे ३६ मेगाबाइटची व्हायला हवी. प्रत्यक्षात तुमच्या फोनमधला असा फोटो बहुधा ३ ते ५ मेगाबाइटचा निघतो. बाकीचे गेले कुठे?

ते जेपेग या पद्धतीने गाळले. १९९२ साली प्रमाणित झालेल्या या पद्धतीत फोटोचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे एका गणिती रूपांतराने वेगळ्या ६४ आकड्यांत मांडतात. हे रूपांतर १९७४ साली एन. अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी प्रसिद्ध केले. नव्या मांडणीत काही आकडे चौकोनाची एकूण उजळी आणि सावकाश होणारे बदल सांगतात, तर काही बारीक-बारीक चढउतार सांगतात. बारीक चढउतार आपल्या डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, म्हणून ते ढोबळ करून टाकतात किंवा शून्य धरतात. फाइल लहान होते ती यामुळे. पण एकदा टाकलेले परत मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

या तक्त्याखेरीज फाइलमध्ये आणखी एक भाग असतो. जुन्या कागदी फोटोच्या पाठीवर आपण 'सहल, वेरूळ, १९८७' असे लिहीत असू. डिजिटल फोटोलाही अशी पाठ असते. फोटो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने, छिद्र किती उघडले होते, हे कॅमेरा स्वतःच तिथे लिहितो. या नोंदींची एक्झिफ नावाची ठरलेली पद्धत १९९५ साली जपानमध्ये तयार झाली. माणसाने लिहायच्या मजकुरासाठी (मथळा, नावे, शोधशब्द) आयपीटीसी नावाचे जुने रकाने आहेत, आणि २००१ साली आलेली एक्सएमपी ही नवी पद्धत आहे.

म्हणजे फोटोच्या फाइलला दोन अंगे झाली: चित्र आणि पाठ. सॉफ्टवेअरची कामेही दोनच, चित्राची दुरुस्ती आणि पाठीवरच्या नोंदींची व्यवस्था. दोन्हींना वेगवेगळ्या कसोट्या लावायला हव्यात.

दुरुस्ती: मूळ प्रत शाबूत राहते का?

दुरुस्तीची सॉफ्टवेअरे शेकडो गोष्टी करू शकतात. घरी लागतात त्या पाच-सहाच: तिरका फोटो सरळ करणे, कडा कापणे, उजळ करणे, स्कॅन केलेल्या फोटोचा लालसर-पिवळट झालेला रंग सुधारणे, ओरखडा पुसणे. हे जवळजवळ सर्वच सॉफ्टवेअरे करतात. तेव्हा 'यात काय काय करता येते' या प्रश्नावर निवड करण्यात अर्थ नाही. विचारायचे ते हे: दुरुस्ती केल्यावर मूळ फोटोचे काय होते?

एक प्रयोग करून पहा. एखाद्या जेपेग फोटोची प्रत घ्या. (प्रतच घ्या, मूळ फोटो नको!) ती उघडा, कडेचा अगदी थोडा भाग कापा, किंचित उजळ करा आणि मध्यम दर्जा निवडून साठवा. बंद करून पुन्हा उघडा, पुन्हा थोडे कापा, साठवा. असे वीस वेळा करा. शेवटची प्रत आणि मूळ फोटो शेजारी ठेवून डोळे, केस, साडीचे काठ असा भाग मोठा करून पहा. चौकोनी ठिगळे आणि कडांभोवती धुरकट छटा दिसतील. प्रत्येक वेळी कापल्यामुळे ८ × ८ चे चौकोन नव्याने पाडले गेले, आणि दरवेळी थोडे-थोडे गळत गेले.

म्हणून दुरुस्तीसाठी मूळ फाइलला हात न लावणारे सॉफ्टवेअर चांगले. असे सॉफ्टवेअर 'इतके उजळ कर, इतके काप' एवढी कृती वेगळी लिहून ठेवते, आणि फोटो दाखवताना ती मुळावर लावून दाखवते. स्वयंपाकाची कृती वहीत आणि धान्य कोठीत, तसे. कृती बदलली तरी धान्य तेवढेच राहते. डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर किंवा अडोबीचे लाइटरूम अशा प्रकारचे आहे. याउलट गिंप आणि फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये थेट चित्रावर काम करण्याची सोय मोठी असते. ओरखडे पुसणे, फाटलेला कोपरा जोडणे अशा कामांना ती लागतात. ती वापरताना काम नेहमी प्रतीवर करावे आणि प्रतीला वेगळे नाव द्यावे.

नोंदी: पाठीवर की वहीत?

आता गुरुजींच्या नावांकडे येऊ.

पूर्वी तालुक्याच्या गावच्या फोटो स्टुडिओत नेगेटिव्हच्या पाकिटावर नुसता क्रमांक असे आणि कोणाचा फोटो ते रजिस्टरात लिहिलेले असे. ही पद्धत चांगली चाले. रजिस्टर उघडले की शोध पटकन लागे. पण रजिस्टर वाळवीने खाल्ले की कपाटभर नेगेटिव्ह निनावी होत.

फोटो लावून ठेवणारी सॉफ्टवेअरेही एक रजिस्टर ठेवतात. त्याला माहितीकोश म्हणतात. हजारो फोटोंतून 'सातवी ब, २००६' क्षणात सापडते ते या कोशामुळे, तेव्हा कोश असणे ही चूक नव्हे. प्रश्न असा की नाव फक्त कोशात लिहिले जाते, की फोटोच्या पाठीवरही?

गुरुजींचे सॉफ्टवेअर कोणते होते ते इथे महत्त्वाचे नाही. सर्वांना ठाऊक असलेले एक वेगळे उदाहरण घेऊ. पिकासा हा प्रोग्राम गूगलने २००४ साली घेतला आणि फुकट वाटला. आपल्याकडे घरोघरी तो वापरला जाई. फेब्रुवारी २०१६ मध्ये गूगलने तो थांबवत असल्याचे जाहीर केले आणि १५ मार्च २०१६ नंतर त्याची देखभाल बंद झाली. ज्यांच्या संगणकावर तो होता त्यांचा चालू राहिला, पण पुढे संगणक बदलला तेव्हा काय झाले ते पाहण्याजोगे आहे. पिकासात जेपेग फोटोखाली लिहिलेले मथळे फोटोच्या पाठीवर जात. ते दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही दिसले. चेहऱ्यांना दिलेली नावे मात्र, तशी वेगळी सूचना दिलेली नसल्यास, प्रोग्रामच्या स्वतःच्या नोंदींत राहत. ती इतरांना वाचता आली नाहीत. एकाच माणसाने एकाच प्रोग्रामात केलेले अर्धे काम टिकले आणि अर्धे गेले. फरक फक्त लिहिण्याच्या जागेचा.

पिकासा हा अपवाद नव्हे. अ‍ॅपलने अ‍ॅपर्चर हे सॉफ्टवेअर थांबवत असल्याचे २०१४ मध्ये सांगितले. मायक्रोसॉफ्टच्या फोटो गॅलरीची देखभाल जानेवारी २०१७ मध्ये संपली. या मोठ्या कंपन्या आहेत. त्यांचे दिवाळे निघालेले नाही. त्यांना दुसरे काही करावेसे वाटले, इतकेच. आपल्या नातवंडांनी फोटो पाहावेत असे वाटत असेल, तर आज घेतलेले सॉफ्टवेअर तोवर नसेल, असेच धरून चालावे.

यावर कोणी म्हणेल, नोंदी सर्वांना वाचता येतील अशा पद्धतीने लिहिल्या तर त्या कोणीही पाहणार नाही का? उघडी पद्धत आणि उघड्यावर ठेवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शिंगणापुरातच २०११ साली युको बँकेने कुलपाविना शाखा उघडली, तेव्हा देशभर बातमी झाली. प्रवेशाला कुलूप नाही म्हणून बँकेने रोकड टेबलावर मांडून ठेवली असे काही झाले नाही. तसेच इथे: फोटो कोणाला द्यायचा ते आपण ठरवायचे, पण दिलेला फोटो वाचायला विशिष्ट कंपनीची परवानगी लागू नये.

मराठीची परीक्षा

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण येते. एक्झिफमधला वर्णनाचा रकाना मुळात इंग्रजी अक्षरांपुरता आखलेला आहे. काही सॉफ्टवेअरे त्यात देवनागरी लिहू देतात, पण दुसरीकडे उघडल्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

आयपीटीसीच्या जुन्या रकान्यांत लांबीची मर्यादा आहे. शोधशब्दाला ६४ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून इंग्रजांना ती पुरते. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सारी वेगळी चिन्हे धरतात. 'शनिशिंगणापूर' मध्ये अशी १२ चिन्हे, म्हणून ३६ बाइट, हे मावते. 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' मध्ये २३ चिन्हे आणि ३ मोकळ्या जागा, म्हणजे ६९ आणि ३ मिळून ७२ बाइट. 'शाळा' पुरती यायच्या आतच रकाना संपतो! (आपल्या शाळेच्या नावाचा हिशोब विद्यार्थ्यांकडून करून घ्या. व्याकरण आणि गणित एकाच तासाला होईल.) एक्सएमपी पद्धत युनिकोडवर उभी असल्याने तिथे देवनागरी नीट राहते आणि ही मर्यादाही नाही.

शिवाय, युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी फॉन्ट वापरत. त्यांत टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. कोणाकडे अशा जुन्या याद्या असतील तर त्या आताच युनिकोडमध्ये करून घ्याव्यात.

तारीख आणि ठिकाण

शिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रिया उभ्या आहेत असा एक फोटो समजा आपल्याला मिळाला. तो कधीचा? ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, देवस्थानाने चौथरा स्त्रियांनाही खुला केला. फोटो त्याच्या आधीचा की नंतरचा, यावर त्याचा सारा अर्थ अवलंबून आहे. आधीचा असेल तर तो नियम मोडल्याचा पुरावा, नंतरचा असेल तर नेहमीचे दर्शन.

पाठीवरची तारीख पाहून हे लगेच कळेल असे वाटते, पण जपून! ती तारीख म्हणजे त्या क्षणी कॅमेऱ्याचे घड्याळ काय सांगत होते तेवढेच. बॅटरी पूर्ण उतरून घड्याळ मागे गेलेले असेल तर वर्षभराचे फोटो कारखान्यात ठरवलेल्या '१ जानेवारी'चे होतात. स्कॅन केलेल्या फोटोवर स्कॅन केल्याची तारीख पडते. १९८७ ची सहल २००९ ची होते. आणि संगणक 'फाइल बदलल्याची तारीख' म्हणून जी दाखवतो ती निराळीच असते. म्हणून अनेक फोटोंची तारीख एकदम दुरुस्त करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये हवी. फोल्डरची नावे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने (२०१६-०४-०८ अशी) दिली तर ती कोणत्याही संगणकावर आपोआप कालक्रमाने लागतात.

ठिकाणाची गोष्ट उलट आहे; ते नको तितके अचूक असते. फोनमध्ये स्थान नोंदवणे चालू असेल तर अक्षांश-रेखांश पाठीवर जातात. शिंगणापूर सुमारे १९.४ अंश उत्तर आणि ७४.९ अंश पूर्व येथे आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मग दशांशचिन्हानंतर चौथ्या स्थानावरचा आकडा किती अंतर सांगेल? १११ किलोमीटरचा दहाहजारावा भाग, म्हणजे सुमारे ११ मीटर. फोटोच्या पाठीवर आपले घर, अंगणासह, लिहिलेले असते! घरच्या संग्रहात हे उपयोगी आहे. मात्र मुलांचे फोटो बाहेर देताना स्थान काढून टाकता येईल अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असावी.

जाता जाता एक सूचना. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान केला जातो आणि त्याची पाठही पुसली जाते. संग्रहासाठी फोटो मागवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावा.

मग घ्यायचे कोणते?

संगणकाबरोबर येणारी सॉफ्टवेअरे (विंडोज किंवा अ‍ॅपलचे 'फोटोज') रोज फोटो पाहायला आणि किरकोळ दुरुस्तीला पुरेशी आहेत. इर्फानव्ह्यू हे १९९६ पासून चालत आलेले छोटे सॉफ्टवेअर जुन्या संगणकावरही झटपट चालते. मोठा संग्रह नीट लावायचा असेल तर डिजिकॅम पाहावे. ते मोफत आहे, त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते आणि नोंदी एक्सएमपीत लिहू शकते. चेहरे ओळखण्याचे काम ते आपल्याच संगणकावर करते. फोटो बाहेर पाठवावे लागत नाहीत. लिनक्स वापरणाऱ्यांना शॉटवेल सोपे वाटेल. लाइटरूम फार कसलेले आहे, पण एकदाच विकत घेता येणारी त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची. त्यानंतर वर्गणी भरावी लागते. गूगल फोटोज सोयीचे असले तरी १ जून २०२१ पासून तिथली फुकट जागा १५ गिगाबाइटपुरतीच आहे, आणि तीही ईमेलसह सर्वांत मिळून. तिथे लिहिलेली वर्णने सर्व संग्रह उतरवून घेताना वेगळ्या छोट्या फाइलींतून मिळतात, फोटोच्या पाठीवर नाही.

डिजिकॅम, शॉटवेल आणि लाइटरूम या तिन्हींत 'नोंदी फोटोच्या फाइलमध्येही लिहा' अशी निवड असते. ती चालू आहे ना, हे आपण स्वतः पाहायचे. काहींना मूळ फाइलला इतकाही स्पर्श नको असतो. त्यांच्यासाठी शेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल ठेवण्याची सोय असते. तसे केले तर फोटो हलवताना ती जोडीदार फाइलही हलवायला विसरू नये.

तरीही आमच्या सांगण्यावर विसंबू नका. दहा फोटोंच्या प्रती घ्या आणि स्वतः कसोटी लावा:

१. नव्या सॉफ्टवेअरमध्ये या दहांना मराठीत नावे लिहा, शोधशब्द द्या, दोघांची तारीख बदला, एक फोटो उजळ करा.

२. सॉफ्टवेअर बंद करा. तो फोल्डर पेनड्राइव्हवर घालून ते सॉफ्टवेअर नसलेल्या संगणकावर न्या.

३. तिथे फोटोवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मधले 'डिटेल्स' पहा, किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नावे, शोधशब्द, तारखा दिसतात का? देवनागरी शाबूत आहे का?

४. मूळ, न उजळलेला फोटो अजून मिळतो का?

अर्ध्या तासाचे काम आहे. सॉफ्टवेअरमध्ये काय काय करता येते यापेक्षा त्यातून आपले काम घेऊन बाहेर पडता येते का, हे इथे कळते. यात नापास होणारे सॉफ्टवेअर कितीही देखणे असले तरी संग्रहासाठी घेऊ नये.

आणि कोणतेही सॉफ्टवेअर म्हणजे राखीव प्रत नव्हे. अकरा हजार फोटो, सरासरी ४ मेगाबाइट धरले तर ४४ गिगाबाइट होतात. एवढ्यासाठी दोन लहान हार्डडिस्क पुष्कळ झाल्या. एक घरात आणि एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे असावी. म्हणजे आग, पाणी किंवा विजेचा झटका सर्व प्रती एकदम नेणार नाही.

नावे कोण सांगणार?

गुरुजींच्या संगणकावर आम्ही ही कसोटी त्यांच्यासमोरच लावली. आता लिहिलेली नावे टिकतील याची खात्री झाली. प्रश्न उरला तो गेलेल्या नावांचा. चेहरा ओळखणारे सॉफ्टवेअर 'या सहा फोटोंतला मुलगा एकच दिसतो' इतके सांगू शकते. त्याचे नाव काय, हे कोणीतरी सांगावे लागते.

गुरुजींनी जुन्या विद्यार्थ्यांना निरोप धाडले. दिवाळीला गावी आलेले आठ-दहा जण ओट्यावर जमले. १९९४ च्या सातवीच्या फोटोत ३८ मुले आहेत. संध्याकाळपर्यंत ३१ नावे मिळाली. दोन नावांवर वाद झाला. तिथे आम्ही गुरुजींना सुचवले की वाद मिटवून टाकू नका; 'बहुधा अमुक, सांगणारे तमुक, दिवाळी' असे लिहा. खात्री नसलेली नोंद खात्रीची म्हणून लिहिली की पुढच्याला ती तपासावीशीच वाटत नाही. उरलेल्या सातांपैकी एकाचे नाव गुरुजींच्या ओठांवर आल्यासारखे होत होते. ते बराच वेळ त्या फोटोकडे पाहत राहिले. "हे पोर रोज दोन मैलांवरनं चालत यायचं," ते म्हणाले. "एवढं आठवतं. नाव नाही." आम्ही तेवढेच लिहून ठेवले: मागची रांग, डावीकडून तिसरा, रोज दोन मैल चालत येत असे.

तुमच्या शाळेतही कपाटात असे वर्गांचे फोटो असतील. आठवी-नववीच्या मुलांना एकेक फोटो वाटून द्या. तो स्कॅन करायचा, गावातल्या जुन्या माणसांना दाखवायचा, नावे विचारायची आणि कोणी सांगितले त्यासह पाठीवर लिहायची. त्यात इतिहास, मराठी आणि संगणक हे तिन्ही विषय येतात. मात्र हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. फोटो अजून पुष्कळ वर्षे टिकतील, पण नावे सांगणारी माणसे तितकी वर्षे थांबणार नाहीत. हा उपक्रम केलात तर काय अनुभव आला, किती नावे मिळाली, ते आम्हाला अवश्य कळवा.